वरकस जमिनीचे अन्न

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता बारी गावाशी आला म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, एकदम अंगावर आल्यासारखे दिसू लागते. आणि तेथून पुढे, प्रवरेच्या उगमापर्यंत व पलीकडे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्यापर्यंत, जो डोंगराळ मुलूख पसरलेला आहे तो सरकारी दप्तरात अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणून नोंदला गेला असला तरी बोलण्यात त्याला डांगाणच म्हणतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे नाव काढताच ज्यांच्या डोळ्यांसमोर अवर्षणाने करपलेली माळराने उभी राहतात त्यांना हे सांगूनही खरे वाटत नाही, की याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या घाटघरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि तेथून पूर्वेला, त्याच तालुक्याच्या ठाण्याच्या गावी, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पदरात पडतो. एका तहसिलीत असे दोन मुलूख नांदत असल्यामुळे पूर्वेकडच्या ताटात बाजरी आणि ऊस, तर पश्चिमेकडच्या ताटात तांदूळ, नाचणी आणि वरई, अशी वाटणी आपोआप झालेली आहे.

इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी होऊन आकार बसवला गेला तेव्हा ओढ्याकाठी आणि दरीच्या तळाशी बांधबंदिस्ती करून तयार केलेल्या भातखाचरांवर महसुली कारकुनांची नजर प्रथम जावी आणि सारा त्यांच्यावरच बसावा हे साहजिक होते. परंतु खाचरांच्या वर, डोंगराच्या उतारावर, जी तांबूस, मुरमाड आणि गोट्यांनी भरलेली जमीन उरली, जिच्यात काही वर्षे पीक घेतल्यावर तिला काही वर्षे विसावा द्यावाच लागे, ती ‘वरकस’ या सदराखाली घालून आणि तिच्यावर अगदी किरकोळ आकार लावून ते मोकळे झाले. महसुलाच्या दृष्टीने त्यात काही गैर झाले असे म्हणता येणार नाही. मौज एवढीच, की महादेव कोळी आणि ठाकर या जमातींच्या ज्या कुटुंबांनी हा मुलूख कसला त्यांचे पोट वर्षातील बरेच महिने या वरकसावरच भरत असे. कारण खाचरातला तांदूळ सारा भागवण्यासाठी, सावकाराचे देणे फेडण्यासाठी आणि सणासुदीला पाहुण्याच्या पानात वाढण्यासाठी राखलेला असे, आणि रोजच्या जेवणाला असे ती नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि हुलग्याचे माडगे. आज शहरातील माणसे गावच्या अन्नाच्या ओढीने सुट्टीच्या दिवशी डोंगरात येतात तेव्हा ज्याची चव त्यांच्या जिभेवर रेंगाळते ते अन्न बहुतांशी या हलक्या जमिनीचे आणि तिच्याभोवतीच्या रानाचे असते. आणि ते कसे पिकते, कोणाच्या श्रमावर उभे असते व कशाने टिकते, हे ठाऊक असले तर जेवणाची गोडी कमी होत नाही, वाढते.

या अन्नाचा आरंभ भर उन्हाळ्यात होतो. भाताचे, त्याचप्रमाणे नाचणीचे आणि वरईचे, रोप ज्या तुकड्यात तयार करावयाचे त्यावर फाल्गुन-चैत्रात राब रचतात, म्हणजे तळाशी वाळलेले शेण, त्यावर ऐनासारख्या झाडांचे टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा आणि सर्वांवर मातीचा पातळ थर असा ढीग सारखा पसरून तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, जेणेकरून आग भडकून न जाता दिवसभर धुमसत राहावी. त्या धुमसण्याने तणांचे बी मरते, माती भाजून मोकळी होते आणि राखेचे खत जागच्या जागी तयार होते. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर अशा भाजलेल्या वाफ्यात टाकलेले बी जसे जोमाने उठते तसे साध्या वाफ्यात उठत नाही. या एका चालीपायी पूर्वी केवढे प्रकरण उभे राहिले होते हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही. राबासाठी टहाळ तोडण्यावर जंगलखात्याने निर्बंध घालताच ठाणे व कुलाबा या भागांत इतका असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला या तक्रारींच्या चौकशीसाठी खास फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. आणि पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह राबपद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. ज्याला साहेबाचे एक खाते अडाणीपणा समजत होते त्याचीच मीमांसा साहेबाचे दुसरे खाते प्रयोगशाळेत करीत होते. अर्थात आज डोंगरावर पूर्वीइतके टहाळ उरलेले नाहीत, आणि गादीवाफ्यावर रोप वाढवून, त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळून, जाळण्यावाचूनही बरेच काही साधते हे चारसूत्री भातशेतीने दाखवून दिले असल्यामुळे, राबाचा अभिमान बाळगावा पण हट्ट धरू नये असे मला वाटते.

राबाला शेण लागते, आणि शेण देणारे जनावर कोठलेही चालत नाही. चार महिने सतत भिजत राहूनही ज्याच्या अंगाला काही होत नाही, ज्याचे काळे टणक खूर चिखलात आणि खडकात सारखेच टिकतात, असे या भागाचे स्वतःचे जनावर म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके मिरवणारी डांगी गाय आणि तिचे बैल. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरत असल्याने पाणी अंगावर ठरत नाही. राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात या बैलांपुढे जाणते शेतकरी ज्या गांभीर्याने उभे राहतात ते पाहण्यासारखे असते. डांगी गाय दूध बेताचे देते. तथापि तिची किंमत दुधाच्या लिटरांत करणाऱ्याने खाचरातला चिखल तुडवणारे बैल, राबाला लागणारे शेण आणि कुडाच्या भिंतींचे सारवण यांचाही हिशेब मांडावयास हवा. तिला पोसण्यासाठी पेंढा पाहिजे, आणि पेंढा पाहिजे तर भाताचे ताट उंच पाहिजे. जुन्या भाताची ताटे माणसाच्या छातीपर्यंत वाढत आणि ओंब्यांच्या भाराने कधीकधी लोळत, हा त्यांचा दोष म्हणून शेतकीच्या पुस्तकांत सांगितला जातो. पण गोठ्यात आणि छपरावर त्याच उंचीचा उपयोग होत असे, आणि बुटक्या वाणांनी दाण्याचे माप वाढवले तेव्हा पेंढ्याचे माप घटले, हे गोठा रिकामा होऊ लागल्यावरच लक्षात आले.

भाताच्या या जुन्या वाणांविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. हळवा, निमगरवा आणि गरवा असे भाताचे तीन वर्ग येथील प्रत्येक शेतकरी लहानपणापासून ओळखतो: वरच्या बाजूच्या, पाणी लवकर निथळून जाणाऱ्या खाचरांत दसऱ्यापूर्वी हाती येणारा हळवा, आणि तळाच्या, कार्तिकापर्यंत ओल धरून ठेवणाऱ्या खाचरांत सावकाश पिकणारा गरवा, अशी वाटणी जमिनीच्या चढउतारानुसार केलेली असते, म्हणजे मनुष्यबळ थोडे असले तरी कापणी एकदम अंगावर येत नाही आणि पाऊस लवकर गेला तरी सगळेच बुडत नाही. पुष्कळशा गरव्या वाणांची आणखी एक खुबी अशी, की दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ते फुलोऱ्यावर येतच नाहीत, त्यामुळे आवणी आठ-पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी निसवण्याची वेळ बहुधा चुकत नाही. काळभात, रायभोग, जिरवेल, आंबेमोहर ही या भागातील जुनी नावे. त्यांतला काळभात, ज्याच्या काळसर कुसळाच्या ओंब्या शेतात लांबूनही ओळखू येतात, शिजताना शेजारच्या घरी कळतो. तांबड्या तांदळाची पेज आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात. काही वाण भाकरीला बरे तर काही पोह्यांना. या प्रत्येक वाणाचे ताटातले काम ठरलेले असे, आणि ते काम दुसऱ्याने तितके चांगले होत नसे, म्हणूनच एका घरात चार वाणांचे बी राखण्याचा खटाटोप होत असे.

खाचरांच्या वरच्या उतारावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी आणि मग जमिनीला विसावा, असा फेर पूर्वापार चालत आला आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅम दाण्यात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास. लोह आणि तंतूही नाचणीत भरपूर. शिवाय दाणा इतका बारीक, की कीड त्यात शिरकाव करीत नाही आणि नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते, जो गुण दुष्काळाच्या मुलखात कॅल्शियमपेक्षाही मोलाचा. वरईची गोष्ट निराळी. तिला शहरात भगर म्हणून मोठा मान आहे, आणि नाशकाच्या गिरण्यांतून स्वच्छ होऊन आलेली ती पांढरीशुभ्र भगर एकादशीच्या दिवशी दाण्याच्या आमटीबरोबर खाऊन आपण उपवास केला असे आपण समजतो; डांगाणात त्याच वरईचा भात हे नेहमीचे जेवण आहे. परंतु शेतातली वरई ताटापर्यंत येण्यासाठी तिचे चिवट टरफल काढावे लागते, आणि ते काढण्याची रीत म्हणजे जात्यावर हलके भरडणे, सुपाने पाखडणे, उखळात कांडणे आणि पुन्हा पाखडणे, हे सारे एकाच दाण्यासाठी दोन-तीन वेळा. हे काम पुरुष करीत नाहीत. गावच्या साध्या, निरामय जीवनाचे गुणगान करणाऱ्या लेखकांनी त्या मुसळाचे वजन एकदा हातात घेऊन पाहावे. मग डोंगरातून वरई का कमी झाली याचे निम्मे उत्तर त्यांना पुस्तक न उघडताही मिळेल. ज्या गावी टरफल काढणारे लहानसे यंत्र आले तेथे वरईची लागवड टिकण्याची आशा आहे, आणि माझ्या मते या मुलखातील जुन्या अन्नाची जी काही सेवा करता येण्यासारखी आहे तीत अशा यंत्राला व्याख्यानांपेक्षा बराच वरचा क्रम द्यावा लागेल.

शेताइतकेच रानही येथे अन्न पुरवते. ज्येष्ठात पहिला पाऊस पडून गेला, की आठ दिवसांत जमिनीतून कोंब फुटू लागतात आणि तेथून भाद्रपदापर्यंत बाजारच्या भाजीची गरज भासू नये अशी व्यवस्था निसर्गानेच करून ठेवलेली असते: कुर्डू, टाकळा, कवळा, फोडशी, भारंगी, चाईचा मोहर, करटोली. मात्र ‘रानात उगवते ते फुकट मिळते’ एवढेच ज्याला कळले त्याने या भाज्यांच्या वाटेस जाऊ नये, कारण प्रत्येकीची एक रीत आहे आणि ती रीत चुकली तर जीभ शिक्षा देते. शेवळात सुईसारखे क्षारांचे स्फटिक असल्यामुळे ते घशाला भयंकर खाजवते, म्हणून त्याच्यासोबत काकडाची आंबट फळे शिजवावी लागतात. भारंगीचा कडूपणा पाण्यात काढून टाकावा लागतो. फोडशीचा गाभ्यातला दांडा उपटून फेकावा लागतो. कोणती भाजी कोवळी असतानाच घ्यायची, कोणत्या वेलाचा कंद जमिनीत राहू द्यायचा, ही समज डोंगरातील बायांकडे आहे, आणि पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्यावाचून घरात न शिजवण्याचा जो प्रघात अनेक आदिवासी जमातींत आढळतो त्यामागे कोणाचा काहीही हेतू असो, त्याने रोपांना वाढण्यास चार दिवस अधिक मिळतात हे निश्चित. अलीकडे कृषीखात्यातर्फे ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. त्यांत भाज्यांबरोबर त्या रांधण्याची रीतही सांगितली जाते, ही चांगली गोष्ट आहे.

आता हे सारे मागे का पडले, हे सांगताना दोषारोप करण्याचा मोह आवरावयास हवा. १९६५-६६ च्या अवर्षणात देश परदेशी धान्यावर जगत होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. अशा काळात १९६४ ची संकरित ज्वारी, १९६६ चा ‘आय. आर. ८’ आणि १९६८ चा ‘जया’ ही भाताची ठेंगणी वाणे आली तेव्हा ज्याच्या घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत होती त्या शेतकऱ्याने ती आनंदाने घेतली, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतली असती. संकरित बियाण्याची अट मात्र अशी, की त्याच्या पिकातले दाणे पुन्हा पेरले तर पिढी फुटते आणि मूळचे गुण राहत नाहीत, म्हणून दरसाल दुकानात जावे लागते. उलट भात आणि नाचणी ही पिके स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे त्यांचे घरचे बी निवडून ठेवले तर ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वळणावर जाते. तिसरी गोष्ट स्वस्त धान्याची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलोने द्यावे असे ठरवले आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते धान्य मोफत झाले. पण शिधापत्रिकेवर घरी येणाऱ्या पिशवीत असतात ते बहुधा तांदूळ आणि गहूच. त्या धान्याने भूक हटली हे कबूल करून असेही म्हणावे लागते, की फुकटचा सडलेला तांदूळ घरात आल्यावर कोणती गृहिणी वरई कांडायला बसेल? संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, सरकारने नाचणी-वरईला ‘श्री अन्न’ अशी पदवी दिली, शहरातील दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. जिथे नाचणी पिकते तेथील रेशनच्या दुकानात मात्र तिची वाट अजून पाहावी लागते.

पाण्याचीही एक कथा आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. डांगाणातला पाऊस त्यात साठला आणि कालव्यांवाटे खालच्या सपाट मुलखात गेला, जेथे उसाची बागायत फुलली आणि १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. सहकाराच्या इतिहासातले ते सोन्याचे पान होय. पाऊस ज्यांच्या अंगावर पडतो त्या वरच्या गावांना फाल्गुनात हंडे घेऊन उतार उतरावा लागतो, हे त्याच पानाच्या समासात लिहून ठेवण्यास हरकत नसावी.

या पार्श्वभूमीवर कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे काम पाहिले म्हणजे त्याचा अर्थ नीट उलगडतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी समाजातल्या बाईंनी आपल्या परसातल्या घेवड्या-वालांपासून आरंभ करून भात, नाचणी, वरई, कडधान्ये आणि वेलभाज्या यांचे शेकड्याच्या घरातले गावरान वाण गोळा केले, आणि मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, २०१९ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले. वर्तमानपत्रांत या पदव्यांचे वर्णन भरपूर येऊन गेले आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या बँकेचा व्यवहार. येथे बी उसने मिळते, आणि हंगाम संपल्यावर नेले त्याच्या दुप्पट परत करावयाचे असते. परतफेड दाण्यांतच, पैशांत नाही. ज्याने बी नेऊन पेरले नाही त्याला ती करता येत नाही, आणि ज्याने पेरले त्याच्या घरी परतफेडीनंतर उरलेले धान्य शिजतेच. बी राखण्याच्या रीतीही साध्या आहेत: वाल-घेवड्याचे बी राखेत घोळून मडक्यात, मक्याची कणसे चुलीवरच्या धुरात टांगून, भात शेणमातीने लिंपलेल्या कणगीत. अशा घरच्या बियाण्याची राखण, पेरणी, अदलाबदल आणि विक्रीसुद्धा करण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. फक्त त्यावर छाप मारून ते विकता येत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशात उणे अठरा अंश तापमानाला लाखो वाण मोहोरबंद पाकिटांत जपून ठेवलेले आहेत, आणि उद्या एखादा रोग सारी शेती गिळू लागला तर तेच कामी येतील, म्हणून त्या संस्थेविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. तथापि पाकिटातला वाण जेथल्या तेथे थांबलेला असतो. शेतातला वाण दरसाल नव्या पावसाला, नव्या किडीला आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांना तोंड देत थोडाथोडा बदलत असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतात काही वेगळ्या ओंब्या दिसल्या आणि त्या निवडून निवडून त्यांनी पुढे ‘एचएमटी’ या घड्याळाच्या नावाने गाजलेला तांदूळ सिद्ध केला, तो अशा डोळ्यांच्या जोरावर. आणि शेतकरी हे डोळे शेताकडे लावून बसतो ते कशासाठी, याचे उत्तर अखेर चुलीशी सापडते. काळभाताचे उत्पन्न कमी. तो पिकवण्याचे एकच कारण, की तो घरात कोणाला तरी खावासा वाटतो. ज्या दिवशी त्याची आठवण काढणारे शेवटचे माणूस घरातून गेले त्या दिवसापासून तो वाण शेतातूनही जाण्याच्या वाटेला लागतो, मग त्याचे पाकीट दिल्लीत कितीही सुरक्षित असो.

म्हणून डोंगरात जेवायला येणाऱ्या पाहुण्यांविषयी माझे मत अनुकूल आहे. शासनाने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण ठरवले. भंडारदऱ्याच्या परिसरात तर मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांनी झाडे उजळू लागली म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. दुर्दैव असे, की त्यांतल्या अनेकांना तेथील खानावळीत पनीरच मिळते आणि पुष्कळांना तेच हवे असते. काही जण परतताना ‘गावरान’ म्हणून तांदूळ नेतात. तो बहुधा इंद्रायणी असतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि ‘आय. आर. ८’ यांच्या संकरातून तयार होऊन १९८७ साली प्रसारित झालेला हा तांदूळ सुवासिक आहे, रुचकर आहे, आणि शेतकऱ्याला त्याने चार पैसे मिळवून दिले आहेत. पण काळभात मागणारे गिऱ्हाईक आले नाही तर काळभात पेरला जाणार नाही, हे इंद्रायणीचे कौतुक करतानाही विसरता येत नाही.

तेव्हा जाणाराने काही व्यवहार पाळावेत. घरी जेवायचे असेल तर आदल्या दिवशी निरोप धाडावा, कारण वरई कांडायची असते आणि आयत्या वेळी आलेल्याला घरधनीण रेशनचाच भात वाढील. ऋतू पाहून मागावे: आषाढात कुर्डू आणि करटोली, आश्विनात खेकड्यांचा रस्सा, थंडीत हुलग्याची शेंगोळी आणि खुरासणीची चटणी, मे महिन्यात पालेभाजी मागू नये, त्या वेळी करवंदे आणि जांभळे असतात. नाचणीच्या भावात घासाघीस करू नये. तिच्या एका किलोमागे लावणी, खुडणी आणि झोडणी या तिन्हींची मजुरी असते. तांदूळ घ्यायला मार्गशीर्षात जावे, पण मऊ, मोकळा भात आवडत असेल तर त्या वर्षीचा घेऊ नये. नवा तांदूळ चिकट होतो, तो पेजेला आणि खिरीला बरा, भातासाठी गेल्या सालचा मागून घ्यावा. आणि घराशेजारी हातभर माती असेल तर मूठभर गावठी वालाचे दाणे अवश्य आणावेत. ज्येष्ठात कुंपणाशी टोकले, की वेल पावसाळाभर नुसताच चढत राहतो आणि शेजारी वांझ म्हणून हसतात. त्याकडे लक्ष देऊ नये, कारण दिवस लहान झाल्यावाचून हा वेल फुलत नाही. दिवाळीच्या सुमारास फुले धरतात, पौषात डाळिंब्यांची उसळ होते. वेलाच्या मधोमध लागलेल्या, भरदार आणि निरोगी अशा दहा-बारा शेंगा मात्र आधीच दोऱ्याने खूण करून ठेवाव्यात, म्हणजे घरातले कोणी त्या भाजीसाठी तोडणार नाही, आणि त्या वेलावरच खडखडीत वाळू द्याव्यात.